जुनी पियानो नोटेशन्स जमवताना आणि वाटताना: आधी काय, मग काय

परवा एक फाइल आली. नाव ‘स्कॅन००४३’. उघडली तर चौदा पानं, सुरुवात थेट संगीतापासून. कव्हर नाही, प्रकाशकाचं नाव नाही, आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या तळाशी डाव्या हाताचे सगळ्यात खालचे सूर कापलेले. पाठवणाऱ्याने प्रेमाने लिहिलं होतं, ‘फार दुर्मीळ आहे, जपून ठेवा.’ काय जपायचं? रचना कोणाची ते वाजवून ओळखता आलं, पण आवृत्ती कुठली, बोटांचे आकडे (कुठला सूर कुठल्या बोटाने वाजवायचा ते) कोणी घातले, हे पुढे कोणाला द्यायला चालेल की नाही, यातलं काहीच कळेना.

ही चूक मीही केलेली आहे. रद्दीत मिळालेल्या एका गठ्ठ्याची फाटकी कव्हरं मी पहिल्याच संध्याकाळी फेकून दिली, कारण त्यांचा भुगा पडत होता. नंतर कळलं की त्या संचाची ओळख पटवणारं सगळं काही त्या कव्हरांवरच होतं. तो गठ्ठा अजून माझ्याकडे आहे, बेवारस.

बहुतेकांचा क्रम असा असतो: साफसफाई, मोबाईलने फोटो, ग्रुपवर टाकणं, आणि सगळ्यात शेवटी कोणीतरी विचारतं की हे वाटायला आपल्याला परवानगी आहे का. हा क्रम उलटा आहे. खाली तो सरळ करून लिहिला आहे. उदाहरण म्हणून पियानोवादक-संगीतकार लिओपोल्ड गोडोव्स्कीचा ‘जावा सूट’ डोळ्यांसमोर ठेवा: १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्ल फिशर या प्रकाशकाने काढलेला, बारा तुकडे, तीन-तीनचे चार भाग. असा एखादा सुटा भाग जुन्या पियानोच्या स्टुलात सापडला, तर पुढे काय करायचं?

तयारी

हाताशी ठेवा: मऊ, कोरडा ब्रश (रंगकामाचा नवा चालतो), मऊ पेन्सिल, काळा कार्डशीट, मोजपट्टी, भिंग आणि एक साधी वही. स्कॅनर ए-थ्री आकाराचा हवा. युरोपातल्या जुन्या आवृत्त्या साधारण २३ बाय ३० सेंटिमीटरच्या असतात, फ्रेंच तर त्याहून मोठ्या, आणि ए-फोर काच २१ सेंटिमीटर रुंद. त्या दोन सेंटिमीटरांतच कडेचे सूर जातात. घरी ए-थ्री नसेल तर झेरॉक्सच्या दुकानातलं मोठं मशीन चालेल, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

हातमोजे नकोत. कापडी मोज्यांत बोटांना कागद कळत नाही आणि कोपरा तुटतो. स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात पुरतात.

आणि शक्य असेल तर हे काम पावसाळ्यात काढू नका. मुंबई, कोकण, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये कागद ओल धरून लाटांसारखा वळतो, काचेवर सपाट बसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

१. ओळख: काही साफ करायच्या आधी

पहिलं काम वहीत नोंद करण्याचं. कव्हरवरचा, आतल्या मुखपृष्ठावरचा (शीर्षकाच्या पानावरचा) आणि पहिल्या संगीतपानावरचा मजकूर जसा आहे तसा उतरवा. तीनही ठिकाणी तोच मजकूर असेल असं धरू नका. पुष्कळदा कव्हर पूर्ण मालिकेचं सामायिक असतं आणि आत त्यातला एकच तुकडा असतो. कव्हरवर छापलेल्या यादीत एखाद्या नावाखाली रेघ किंवा फुली दिसली तर तोच तुकडा आत आहे.

मग पानाच्या तळाशी, मधोमध, बारीक आकडा शोधा. हा प्लेट नंबर. पूर्वी संगीत धातूच्या पत्र्यावर कोरून छापत, आणि एका रचनेच्या सगळ्या पत्र्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रकाशक प्रत्येकावर तोच क्रमांक घालत. जर्मन आणि फ्रेंच प्रकाशकांनी बहुतेकदा छपाईचं वर्ष दिलेलंच नाही. तिथे काळ ठरवायला हा क्रमांकच कामी येतो. अमेरिकन प्रतींवर मात्र पहिल्या संगीतपानाच्या तळाशी ‘कॉपीराइट’ आणि वर्ष असतं. जावा सूटवर १९२५ असं सापडेल.

इथे तीन चुका नेहमीच्या:

कव्हरवरचा मोठा आकडा प्लेट नंबर समजून लिहितात. ‘एडिशन पेटर्स नंबर अमुक’ हा विक्रीच्या यादीतला क्रमांक. प्लेट नंबर आतल्या पानांवर, तळाशी असतो. दोन्ही लिहा, पण वेगवेगळे.

कॉपीराइटचं वर्ष म्हणजे हाती असलेली प्रत छापल्याचं वर्ष, असं धरतात. ते पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. प्रत वीस वर्षांनंतरची असू शकते, आणि मागच्या कव्हरवरच्या जाहिरातीत नंतरच्या रचना दिसल्या की ते उघड होतं. म्हणून मागचं कव्हरही फेकायचं नाही.

प्रकाशकाचं नाव अर्धवट उतरवतात. पॅरिसच्या द्युरांचंच बघा. १८६९ ते १८९१ ‘द्युरां, शनवेर्क ए कंपनी’, मग १९०९ पर्यंत ‘ए. द्युरां ए फिस’, म्हणजे द्युरां आणि मुलगे, आणि त्यानंतर ‘द्युरां ए कंपनी’. नुसतं ‘द्युरां, पॅरिस’ लिहिलंत तर हाती आलेला चाळीस वर्षांचा पुरावा गेला. नाव, पत्ता, ‘आणि मुलगे’, ‘आणि कंपनी’ सगळं अक्षर न् अक्षर उतरवा.

जर्मन छपाई असेल तर होफमायस्टरच्या मासिक याद्या बघा. लाइपझिगहून १८२९ पासून निघालेल्या या याद्यांत नव्या छापील संगीताची महिन्यागणिक नोंद असे. १९०० पर्यंतच्या याद्या आता इंटरनेटवर शोधता येतात. रचना कुठल्या महिन्यात जाहीर झाली इथवर कळतं.

दुकानाचे शिक्के, अर्पणपत्रिका, शिक्षकाने पेन्सिलने लिहिलेली बोटं, हेही टिपा. अर्पणपत्रिकेला लोक कमी लेखतात. रशियन संगीतकार निकोलाय मेटनरच्या तिसऱ्या पियानो कॉन्चेर्टोची अर्पणपत्रिका म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या नावाने आहे, कारण मेटनरच्या उतारवयात त्याच्या ध्वनिमुद्रणांचा खर्च त्यांनी उचलला होता. संगीतापासून सुरू होणाऱ्या फाइलीत असली ओळ कापली जाण्याची शक्यता दाट.

*तपासा: संगीतकार, शीर्षक, ओपस (संगीतकाराच्या रचनांचा क्रमांक), प्रकाशक, शहर, प्लेट नंबर, छापील वर्ष, पानांची संख्या. या आठांपैकी जे छापलेलं नाही तिथे ‘नाही’ लिहा, जागा रिकामी सोडू नका. रिकाम्या जागेवरून तुम्ही पाहिलं की नाही हे कळत नाही.*

२. खरंच दुर्मीळ आहे का?

हा टप्पा अर्ध्या तासाचा, पण तो गाळल्यामुळे माणसं आठवडा वाया घालवतात. जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. पिवळ्या पडलेल्या बेथोवनच्या सोनाटा घराघरांत निघतात आणि त्यांची उत्तम स्कॅन्स केव्हाच उपलब्ध आहेत.

आयएमएसएलपी या छापील संगीताच्या मुक्त ऑनलाइन संग्रहात आधी शोधा. मग रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलचं सिब्ली ग्रंथालय, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका, म्युनिकचं बव्हेरियन राज्य ग्रंथालय. शोधताना नावाची निरनिराळी स्पेलिंग वापरा. रशियन नावं जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी पद्धतीने तीन तऱ्हांनी लिहिली जातात आणि एकाने सापडत नाही ते दुसऱ्याने सापडतं.

रचना सापडली तरी थांबू नका. तिथली आवृत्ती आणि तुमची आवृत्ती एकच आहे का ते प्लेट नंबरावरून जुळवा. रचना तीच पण आवृत्ती वेगळी असेल, किंवा तिथल्या स्कॅनमध्ये दोन पानं गायब असतील, तर तुमच्या प्रतीला काम आहे. सगळं जुळलं आणि तिथलं स्कॅन स्वच्छ असेल, तर तुमची प्रत वाजवा आणि मजा करा. स्कॅन करायची गरज नाही.

पुनर्मुद्रणांपासून जपा. न्यूयॉर्कच्या काल्मससारख्यांनी युरोपातल्या जुन्या आवृत्त्या जशाच्या तशा छापल्या, कधी जुना प्लेट नंबर ठेवून, कधी पुसून. संगीत तेच, मुखपृष्ठ वेगळं. अशी प्रत ‘पहिली आवृत्ती’ म्हणून पुढे जाते आणि मग वर्षानुवर्षं तसाच उल्लेख फिरत राहतो.

३. हक्क: स्कॅनरला हात लावायच्या आधी

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा तपशिलात जातो.

भारतीय कायद्यात (कॉपीराइट कायदा, १९५७) संगीतकाराच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनेवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. मोजणी मृत्यूच्या तारखेपासून नाही, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. मेटनर १९५१ मध्ये वारला, म्हणजे भारतात हक्क ३१ डिसेंबर २०११ ला संपला. युरोपीय संघात सत्तर वर्षं, तिथे तोच मेटनर १ जानेवारी २०२२ ला मोकळा झाला. मधली दहा वर्षं तो पुण्यात मोकळा होता, बर्लिनमध्ये नव्हता.

अमेरिकेत जुन्या छापील कामांना आणखी वेगळा हिशोब लागतो: प्रकाशनापासून ९५ वर्षं. रशियन संगीतकार रखमानिनोव्ह १९४३ मध्ये गेला, त्यामुळे त्याची ‘पागानिनी रॅप्सडी’ भारतात आणि युरोपात मोकळी आहे. पण ती १९३४ ची. अमेरिकेत तिच्यावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. न्यू जर्सीतल्या भाच्याला फाइल पाठवण्याआधी हे लक्षात घ्या. जावा सूटचं तसं नाही. गोडोव्स्की १९३८ मध्ये गेला, प्रकाशन १९२५ चं, म्हणजे अमेरिकेतही १ जानेवारी २०२१ पासून मोकळा. म्हणूनच तो उदाहरणाला घेतला.

आता सगळ्यात मोठी फसगत. संगीतकार मोकळा झाला म्हणजे हाती असलेली आवृत्ती मोकळी झाली असं नाही. शोपां १८४९ मध्ये गेला. पण फ्रेंच पियानोवादक आल्फ्रेद कॉर्तोने संपादित केलेल्या शोपांच्या आवृत्तीत कॉर्तोच्या टिपा आहेत, सरावाचे तुकडे आहेत, त्याचे बोटांचे आकडे आहेत, आणि कॉर्तो गेला १९६२ मध्ये. त्याचा वाटा भारतात २०२२ अखेर मोकळा झाला, फ्रान्समध्ये तो २०३२ अखेरपर्यंत बांधलेला आहे. म्हणून तारीख तीन माणसांची बघायची: संगीतकार, रूपांतरकार, संपादक. गाणं असेल तर चौथा, कवी. सगळ्यात उशिरा गेलेला माणूस हिशोबाला धरायचा.

शिवाय नव्या आवृत्त्यांना काही देशांत स्वतंत्र संरक्षण असतं. ब्रिटनमध्ये छापील पानाच्या मांडणीला पंचवीस वर्षं, जर्मनीत अभ्यासपूर्ण संपादनाला पंचवीस वर्षं. गेल्या काही वर्षांत नव्याने जुळवलेली बाखची आवृत्ती म्हणजे ‘बाखच तर आहे’ असं नाही.

मुंबईशी नातं सांगणारी दोन नावं आपल्याकडे हटकून मागितली जातात. कैखुश्रू शापुरजी सोराबजी, वडील मुंबईचे पारशी, स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि तिथेच राहिलेला. त्याचं ‘ओपस क्लाविचेम्बालिस्टिकम’ १९३१ मध्ये लंडनच्या कर्वेनने छापलं, अडीचशेहून जास्त पानं, वाजवायला चारेक तास. सोराबजी १९८८ मध्ये गेला. भारतात हक्क २०४८ अखेरपर्यंत. दुसरा वॉल्टर काउफमान, १९३४ ते १९४६ मुंबईत राहिलेला, आकाशवाणीची ओळखधून करणारा. तो १९८४ मध्ये गेला, म्हणजे २०४४ अखेर. दुर्मीळ आहे, मिळत नाही, आपल्याच गावाशी नातं आहे, यातलं एकही कारण वाटपाला पुरत नाही. सोराबजीचे स्कोअर तर सोराबजी आर्काइव्ह रीतसर विकत देतं. मागवा.

स्वतःच्या खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी, उचित मर्यादेत नक्कल करायला आपला कायदा वाव देतो. बाजारात भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या, आणि त्यात ‘शीट ऑफ म्युझिक’ असा स्पष्ट उल्लेख आहे, तीनपर्यंत प्रती सार्वजनिक, बिनव्यापारी ग्रंथालय आपल्या वापरासाठी करू शकतं. ही सवलत ग्रंथालयाला आहे. तुमच्या ग्रुपला नाही, मग त्याचं नाव ‘पियानो लायब्ररी’ का असेना.

*थांबा: हयातीत न छापलेल्या हस्तलिखिताला वरचा हिशोब लागत नाही. मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या कामाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. गोव्यातल्या किंवा वांद्र्याच्या एखाद्या घरातून आजोबांच्या हाताने लिहिलेली मांडोची, वॉल्ट्झची वही मिळाली तर आधी घरच्यांची लेखी संमती. शब्द साधे असू देत, पण ‘स्कॅन करायला’ आणि ‘इतरांना द्यायला’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या. पहिलीला हो म्हणणारे दुसरीला पुष्कळदा नाही म्हणतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे.*

४. कागद: कमीत कमी करा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा बराचसा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं आम्ल त्याला आतून खातं. पान दुमडलं की मोडतं. त्यामुळे इथला नियम सोपा: स्कॅनपुरतं जेवढं लागेल तेवढंच.

कोरड्या ब्रशने शिवणीकडून कडेकडे धूळ झटका. बुरशीचा वास किंवा डाग असेल तर गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, आणि तो गठ्ठा बाकीच्यांपासून वेगळा. गंजलेल्या पिना ओढून काढू नका. कागद उलटा करून मागची दोन टोकं पातळ, बोथट पट्टीने सरळ करा आणि मग पुढून उचला. पिनेभोवतीचा कागद आधीच गंजाने खाल्लेला असतो, ओढलं की पिनेबरोबर गोल तुकडा निघतो. शिवलेली प्रत मात्र उसवू नका.

जुना सेलोटेप सोलू नका, नवा लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात नाही. काही लोक आजही प्रेमापोटी मौल्यवान पानं लॅमिनेट करून आणतात. ते उलटवता येत नाही. पेन्सिलच्या खुणा खोडू नका, त्या कोणाच्या तरी गुरूच्या असतात.

५. स्कॅन

पहिलं पान काचेवर ठेवण्याआधी त्याच्या मागे काळा कार्डशीट ठेवा. पातळ कागदावर मागच्या पानाची छपाई पुढे उमटते आणि सोळाव्या सुरांच्या गर्दीत ती खऱ्या सुरांसारखी दिसते. काळ्या पाठीने ते बरंच दबतं. कडेला काळी पट्टी येते, ती नंतर कापता येते.

मोड ग्रेस्केल (करड्या छटांचा), ३०० ते ४०० डीपीआय (इंचामागे ठिपके). हे मूळ स्कॅन. त्यावरून पुढे शुद्ध काळं-पांढरं ६०० डीपीआयचं पान बनवायचं. थेट काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलंत तर पिवळ्या कागदावर मशीन आपल्या मनाने उंबरठा (किती गडद ते काळं धरायचं याची हद्द) ठरवतं: एकतर स्टाफच्या, म्हणजे सूर लिहायच्या पाच रेघा तुटक होतात, नाहीतर शार्पची (सूर चढवणारी) खूण भरून जाऊन काळा ठिपका होते. ग्रेस्केल हाताशी असलं की उंबरठा पुन्हा ठरवता येतो.

मोबाईलचा फोटो? निकड असेल तर चालतो, पण त्याला स्कॅन म्हणू नका. स्टाफच्या पाच रेघा सरळ आणि समांतर असायला हव्यात, आणि शिवणीजवळ त्या फोटोत हमखास धनुष्यासारख्या वाकतात. वाजवणाऱ्याच्या डोळ्यांना दहाव्या मिनिटाला त्रास होतो.

दुकानात जात असाल तर चार गोष्टी आधीच सांगा. वरच्या फीडरमधून पानं घालायची नाहीत, प्रत्येक पान काचेवर. झाकण दाबायचं नाही. ‘फिट टू पेज’ बंद, आकार शंभर टक्के. आणि ‘कॉम्पॅक्ट पीडीएफ’ किंवा ‘हाय कॉम्प्रेशन’ नको. हे शेवटचं फार महत्त्वाचं. २०१३ मध्ये जर्मनीत उघड झालं होतं की काही ऑफिस कॉपियर फाइल लहान करताना एकसारख्या दिसणाऱ्या खुणा एकमेकींच्या जागी ठेवत होते, आणि सहाचा आठ होत होता. नकाशावरच्या आकड्यांत ते पकडलं गेलं. संगीताच्या पानावर नॅचरलच्या (सूर मूळ जागी आणणाऱ्या खुणेच्या) जागी शार्प आला तर कोण पकडणार? लोक म्हणतील, संगीतकार धाडसी होता.

क्रम: पुढचं कव्हर, त्याची आतली बाजू, मुखपृष्ठ, सगळी पानं, कोरी पानंसुद्धा, मागचं कव्हर. कोरी पानं का? जुन्या आवृत्त्यांत पान उलटायची जागा विचारपूर्वक ठरवलेली असे, डावा हात मोकळा असेल तिथे. एक कोरं पान गाळलं की डावं पान उजवीकडे जातं आणि छापून घेणाऱ्याला नेमक्या अवघड ठिकाणी पान उलटावं लागतं.

*तपासा: गठ्ठा परत गुंडाळण्याआधी तिथेच, स्क्रीनवर, प्रत्येक पानाचे चारही कोपरे दिसतात का बघा. विशेषतः तळ. पियानोचे खालचे सूर स्टाफच्या खाली जादा रेघांवर लोंबतात आणि प्लेट नंबर तर त्याहून खाली. प्लेट नंबर दिसतोय म्हणजे सूर कापलेले नाहीत.*

६. फाइल बनवणं

स्कॅन टेलर नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरतं. पानं सरळ करणं, जोडपानं वेगळी करणं, समास एकसारखे करणं, काळं-पांढरं करणं. ‘डेस्पेकल’, म्हणजे ठिपके काढण्याची सोय, सगळ्यात सौम्य ठेवा नाहीतर बंदच. तिला धुळीचा ठिपका आणि स्टकाटोचा (सूर तोडून वाजवायचा) ठिपका यातला फरक कळत नाही. सुरानंतरचा ठिपका गेला तर सूर दीडपटीचा एकपट होतो.

शेवटची पीडीएफ ग्रुप-फोर पद्धतीने दाबलेली असावी. तिच्यात काळा-पांढरा प्रत्येक बिंदू जसाच्या तसा राहतो आणि तरी पान साधारण शंभर-दीडशे केबीचं होतं. कव्हर मात्र रंगीत ठेवा. मूळ ग्रेस्केल फाइली पुसू नका.

७. पियानोपाशी तपासणी

हे कोणीच करत नाही. छापून घ्या, बाकावर बसा आणि हळू वाजवा, किंवा निदान डोळ्यांनी वाचा. प्रत्येक पानाच्या शेवटच्या बारमधून (उभ्या रेघांमधल्या खान्यातून) पुढच्या पानाच्या पहिल्या बारमध्ये जाताना थांबा. ओळीच्या टोकाला लोंबकळणारी टाय (एकाच उंचीच्या दोन सुरांना जोडणारी कमान) पुढच्या पानावर त्याच सुरावर उतरली पाहिजे. ती हवेतच राहिली तर मध्ये पान गेलं आहे, मग पानांचे छापील आकडे काही का म्हणेनात. एकदा सोळा पानांच्या एका प्रतीत आकडे नीट लागत होते, पण मधलं जोडपान दुसऱ्याच तुकड्यातलं शिवलेलं निघालं. दोन्ही तुकडे एकाच मालिकेतले, सूरपट्टीही एकच. टायमुळे कळलं.

छापील चूक वाटली तर पानावर दुरुस्त करू नका. वेगळ्या टिपेत लिहा: पान, ओळ, बार, काय छापलंय, काय असावंसं वाटतं.

८. नाव आणि नोंद

फाइलीचं नाव रोमन लिपीत, उच्चारचिन्हांशिवाय, ठरलेल्या क्रमाने: आडनाव, शीर्षक, ओपस किंवा भाग, प्रकाशक, वर्ष, प्लेट नंबर. गोडोव्स्की, जावा सूट, भाग १, कार्ल फिशर, १९२५, आणि पुढे तळाचा आकडा. ‘सुंदर वॉल्ट्झ’, ‘फायनल’, ‘फायनल नवा’ असली नावं नकोत. वर्ष अंदाजाने ठरवलं असेल तर आधी ‘सुमारे’ लावा.

पीडीएफच्या शेवटी एक पान जोडा. पहिल्या टप्प्यातली वहीतली नोंद तिथे येते. शिवाय कुठलं पान फाटकं आहे, स्कॅन कधी केलं, काय साफ केलं, आणि भारत, युरोप, अमेरिका अशा तीन ओळींत हक्कांची स्थिती. हे पान वेगळ्या फाइलीत ठेवू नका. वेगळी फाइल दुसऱ्याच दिवशी हरवते.

मूळ मालकाचं नाव, पत्ता कव्हरवर हाताने लिहिलेला असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय तो वाटपाच्या प्रतीत ठेवू नका. जुन्या दुकानाचा शिक्का मात्र ठेवा. मुंबईत प्रत कुठून विकली गेली याची तीच खूण.

९. वाटप

व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. पान फोटो म्हणून पाठवलंत की ॲप ते दाबून लहान करतं आणि सहाशे डीपीआयची सगळी मेहनत पाण्यात जाते.

सगळीकडे मोकळी असलेली रचना एकेकाला पाठवत बसण्यापेक्षा सार्वजनिक संग्रहात टाकलेली बरी. आयएमएसएलपीवर फाइलीसमोर कॅनडा, अमेरिका आणि युरोपीय संघासाठी वेगवेगळे शेरे असतात. भारताचा शेरा नसतो, तो हिशोब तुम्हीच करायचा. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाच्या एका प्रकाशनगृहाच्या नोटिशीमुळे तो संग्रह बंद पडला होता आणि जून २००८ अखेरीस पुन्हा सुरू झाला. वाद नेमका याच मुद्द्यावर होता: कॅनडात मोकळं, युरोपात नाही. तेव्हा शेरे नीट वाचा.

देवाणघेवाणीचे काही रिवाज आहेत, लेखी नसले तरी. दुसऱ्याच्या स्कॅनवरची ग्रंथालयाची मोहोर पुसून आपली म्हणून देऊ नका. मोकळ्या रचनेवर स्वतःच्या नावाचा आडवा वॉटरमार्क मारू नका, त्याखाली सूर दिसत नाहीत. ‘तुम्ही मला दोन द्या, मी एक देतो’ हा हिशोबही मला स्वतःला पटत नाही, पण खर्च झाला असेल तर स्कॅनिंगचे पैसे मागायला लाजू नये. हक्कात असलेली रचना कोणी मागितली तर ‘माझ्याकडे आहे’ म्हणून मिरवू नका. कुठे विकत मिळते तेवढं सांगा.

मूळ प्रत शक्यतो घराबाहेर पाठवूच नका. स्कॅनर घेऊन आपण जावं. पाठवायचीच वेळ आली तर दोन्ही बाजूंनी प्रतीपेक्षा मोठा पुठ्ठा, त्यावर प्लास्टिक, स्पीड पोस्ट, आणि आधी पूर्ण स्कॅन. गुंडाळी करून नळीत घालू नका. जुना कागद उलगडताना आडवा चिरतो.

परत आलेली प्रत आडवी, खोक्यात ठेवा. हवाबंद प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, म्हणून तशी नको. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा खोकं उघडून कसर लागलीय का बघा. आणि कोणी तुमच्या फाइलीतलं गायब पान पाठवलं, किंवा चूक दाखवली, तर फाइलीच्या नावात तारीख घालून नवी पाठवा, आधी ज्यांना दिली होती त्या प्रत्येकाला. त्यासाठी कोणाला काय दिलं याची यादी त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर लिहीत जा.